वाचनालयाची पुस्तकयादी परत मराठीत आणली त्याची हकीकत (पीएचपीमायअ‍ॅडमिन वापरून)

पोस्ट लई लांब झालीय. पण तुमच्या साइटवरचं मराठी अचानक बिघडलं असेल तर पूर्ण वाचा, आणि वाचून होईस्तोवर डेटाबेसमध्ये काहीही सेव्ह करू नका. मला पहिल्या आठवड्यात हे कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं म्हणून सगळ्यात आधी लिहिते. अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हांची लांबच लांब रांग दिसत असेल तर मजकूर बहुतेक जिवंत आहे, तो चुकीचा वाचला जातोय एवढंच. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मात्र तिथला मजकूर गेला, तो कुठल्याच कमांडने परत येत नाही, बॅकअप नाहीतर कागद एवढेच दोन रस्ते राहतात. या दोन्हीतला फरक कसा ओळखायचा ते पुढं येईलच.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. बी.लिब. झालंय, आणि संगणकाचं म्हणाल तर एमएस-सीआयटी आणि बाकी कामाच्या ओघात शिकलेलं. आमची पुस्तकयादी 2013 पासून ऑनलाइन आहे, गावातल्याच एका मुलाने इंजिनिअरिंगला असताना पीएचपी (वेबसाइट लिहायची भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) वापरून बनवून दिली होती, एक पैसा न घेता. पुस्तकं, लेखक, सभासद आणि देवघेव अशी चार टेबलं. साधीच आहे पण आसपासच्या खेड्यांतली स्पर्धा परीक्षेची पोरं घरून मोबाइलवर बघतात की पुस्तक आहे का बाहेर गेलंय, आणि मगच एसटीनं येतात. म्हणून ती बंद पडली की आम्हाला त्याच दिवशी कळतं.

2025 च्या पाडव्याच्या सुट्टीत होस्टिंग कंपनीने आमची साइट जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवली. तसा मेल आला होता म्हणे, पण तो साइट बनवणाऱ्या दादाच्या कॉलेजच्या काळातल्या मेलवर गेलता, तो आता पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे आणि ते खातं तो उघडत पण नाही. 1 एप्रिलला सकाळी एका पोराचा फोन आला, "मॅडम, यादी कामून अशी दिसायलीय?" मी उघडून बघितलं तर एक पण पुस्तक वाचता येईना.

ते कसं दिसत होतं ते नीट सांगते, म्हणजे तुमच्याकडे तसंच असेल तर ओळखता येईल. इंग्रजीतला छोटा ए, त्याच्या डोक्यावर डावीकडं झुकलेली तिरकी रेघ, त्याच्यामागं चार कोपऱ्यांना चार काड्या असलेलं बारीक गोल. ही जोडी परत परत. मध्ये मध्ये गोलातला आर, अंशाचं चिन्ह, पाऊण लिहितात तो अपूर्णांक, जपानच्या येनचं चिन्ह आणि युरोचं चिन्ह. ‘मराठी’ एवढा एक शब्द लिहिला तरी त्यात हे सगळं येतं. नंतर कळलं की याला पक्का हिशेब आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची एकच यादी, आणि युटीएफ-8 म्हणजे ती अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. देवनागरीचं एकेक अक्षर, आणि काना-मात्रा पण, युटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं असतं. अ पासून ह पर्यंतची अक्षरं, काना आणि पहिली वेलांटी यांचे पहिले दोन बाइट कायम ई0 आणि ए4 (एकेक बाइट असा दोन चिन्हांत लिहितात), आणि दुसऱ्या वेलांटीपासून पुढं उकार, मात्रा, हलंत यांचे ई0 आणि ए5. तेच बाइट युरोपातल्या जुन्या लिपीसंचाने वाचले की ई0 चा तिरक्या रेघेचा ए होतो, ए4 चं ते काड्यांचं गोल आणि ए5 चं येन. आमच्याकडं निजामाच्या काळापासूनचं उर्दू पुस्तकांचं एक कपाट आहे, त्या नोंदी वेगळ्या दिसत होत्या, त्यात मधून तिरपी रेघ मारलेला मोठा ओ सारखा येत होता, कारण उर्दूची अक्षरं दोन बाइटची. म्हणजे वेगवेगळ्या लिप्या वेगवेगळ्या पद्धतीने बिघडल्या होत्या, आणि मला खरं म्हणजे तिथंच थोडा धीर आला, की डेटा नुसता उडाला असता तर असा फरक राहिला नसता.

त्याच दिवशी दुपारी आमच्या ग्रंथपाल सरांनी अ‍ॅडमिन पानावर जाऊन दोन-चार पुस्तकांची नावं परत टाइप करून बघितली, कुणीही हेच केलं असतं. सेव्ह केलं तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. मार्चमध्ये आलेल्या नव्या पुस्तकांच्या नोंदी पण त्याच सकाळी भरल्या होत्या, त्यांची पण प्रश्नचिन्हंच. ‘कविता’ लिहिलं की बरोबर पाच, म्हणजे क, व, पहिली वेलांटी, त आणि काना, प्रत्येकाला एक. मग आम्ही अ‍ॅडमिनचं पान वापरणं बंद केलं, देवघेव वहीत लिहायला लागलो, आणि दारावर कागद चिकटवला की ऑनलाइन यादी सध्या बंद आहे, काउंटरवर विचारा.

आता कागदपत्रांचा भाग, यात जितका वेळ गेला तितका खऱ्या दुरुस्तीत गेला नाही. 3 एप्रिलला कंपनीकडे तिकीट टाकलं. उत्तर आलं की खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्याच मेलवरून विनंती यायला पाहिजे. दादाला फोन केला, तो लगेच म्हणला "ताई मी पाठवतो", पण त्या जुन्या मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली होती आणि तो मोबाइल नंबर त्याच्याकडं राहिलेला नव्हता. मग खातं संस्थेच्या नावावर करून घ्यायचं ठरलं. त्याला लागलं ते असं: लेटरहेडवर अध्यक्षांच्या सहीचं आणि शिक्क्याचं पत्र, धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडचं न्यास नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन कार्ड, आधीच्या बिलाची प्रत आणि दादाचं नाहरकत पत्र त्याच्या ओळखपत्रासहित. 7 एप्रिलला सगळं स्कॅन करून चढवलं. दोन दिवसांनी परत आलं, कारण लेटरहेडवरचं इंग्रजी स्पेलिंग आणि पॅनवरचं स्पेलिंग यात एका अक्षराचा फरक. ज्यांची संस्था जुनी आहे त्यांनी हे आजच तपासून घ्या, मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असणं आपल्याकडं सर्रास आहे. अध्यक्ष काकांनी दोन्ही नावं एकाच संस्थेची आहेत असं पत्र दिलं, सोबत कार्यकारी मंडळाच्या ठरावाची प्रत जोडली, मध्ये 10 ला महावीर जयंती आणि 14 ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. 15 तारखेला संध्याकाळी खातं आमच्या नावावर झाल्याचा मेल आला. मला त्या रात्री नीट झोप लागली, त्याआधी काही दिवस लागत नव्हती. बारा वर्षांची टायपिंग होती ती, निम्मी माझ्या आधीच्या बाईंनी केलेली, आणि त्या आता नाहीत.

वाट बघत होते तेव्हा दोन भाव पण आले. कंपनी म्हणली बॅकअपमधून परत आणून देतो, 1,500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी. जिल्ह्याच्या गावच्या एका कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं डेटा गेलाय, नवीन सॉफ्टवेअर आणि सगळी एंट्री मिळून 40,000. अध्यक्ष काका म्हणले, "बाई, आधी आपण स्वतः उघडून बघू." दोन्ही नाकारलं आणि ते बरोबरच झालं, कारण बॅकअप मागवला असता तरी तो त्याच नव्या सर्व्हरवर असाच बिघडलेला दिसला असता.

16 एप्रिलला पहिल्यांदा होस्टिंगच्या पॅनलमधून पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, हे ब्राउझरमध्ये चालणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, 1998 पासूनचं, आणि बहुतेक सगळ्या स्वस्त होस्टिंगवर आधीपासून टाकलेलं असतं. डावीकडं डेटाबेसची नावं, त्यावर क्लिक केलं की टेबलं, वर ब्राउझ, स्ट्रक्चर, एसक्यूएल, एक्सपोर्ट, इंपोर्ट, ऑपरेशन्स असे टॅब. भीती वाटते कारण ड्रॉप आणि एम्प्टी ही बटणं प्रत्येक टेबलासमोर असतात. ती दाबली तरी आधी विचारतं, पण ओके म्हणलं की संपलं, मागं घ्यायची सोय नाही.

म्हणून पहिलं काम एक्सपोर्ट. क्विक नको, कस्टम घ्या, सगळी टेबलं निवडा, फॉरमॅट एसक्यूएल, कॉम्प्रेशनमध्ये जीझिप. ती फाइल मी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर, पेन ड्राइव्हवर आणि माझ्या मेलवर अशी तिन्हीकडं ठेवली. सभासदांची नावं-नंबर असतात म्हणून पेन ड्राइव्ह कपाटात कुलपात. फाइल उघडून बघितली तर आत पण तीच चिन्हं दिसतील, घाबरू नका. आणि ती नोटपॅडमध्ये किंवा कुठल्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. मी एक शीर्षक नमुना म्हणून अशा कन्व्हर्टरमध्ये टाकून बघितलं तर मराठी आलं, पण जोडाक्षरं सगळी फुटलेली, पहिला उकार गायब, झ गायब, ए आणि ऐ पण गायब. त्याचं कारण पक्कं आहे: युरोपच्या त्या विंडोज लिपीसंचात 81, 8डी, 8एफ, 90 आणि 9डी या पाच बाइटना कुठलंच अक्षर दिलेलं नाही, आणि आपला पहिला उकार, हलंत, ए, ऐ आणि झ यांचा शेवटचा बाइट नेमका यांच्यातलाच. बरेच प्रोग्राम ते बाइट टाकून देतात. मायएसक्यूएल मात्र ते जपून ठेवतो, म्हणून दुरुस्ती डेटाबेसच्या आतच करायची.

डेटा खरोखर कसा साठलाय हे बघायला एसक्यूएल टॅबमध्ये एक ओळ लिहायची: सिलेक्ट टायटल, हेक्स(टायटल) फ्रॉम बुक्स लिमिट 20. हेक्स म्हणजे साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणं. माझ्याकडं जुन्या नोंदींना ई0ए4 ने सुरू होणारी रांग दिसली. उर्दूच्या नोंदींना डी8, डी9 असं. म्हणजे अस्सल युटीएफ-8 जागेवर होतं, एक पण बाइट हललेला नव्हता. आणि 1 एप्रिलच्या नोंदींना नुसतं 3एफ, 3एफ, 3एफ. 3एफ म्हणजेच प्रश्नचिन्ह, त्यात मागं काही लपलेलं नाही. हेक्स बघितल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून काही करू नका, "डेटा गेलाय" म्हणणारा तो कॉम्प्युटरवाला हे न बघताच बोलला होता.

मग असं झालं कसं? स्ट्रक्चर टॅबमध्ये कोलेशन नावाचा रकाना असतो (मजकूर कुठल्या लिपीसंचाचा आणि कुठल्या क्रमाने लावायचा ते सांगणारा), तिथं प्रत्येक कॉलमसमोर लॅटिन1_स्वीडिश_सीआय लिहिलेलं होतं. लॅटिन1 म्हणजे तोच वर सांगितलेला युरोपचा लिपीसंच. मायएसक्यूएल बनवणारी कंपनी मूळची स्वीडनची, आणि 8.0 आवृत्ती येईपर्यंत आपण काही सांगितलं नाही तर टेबल त्याच प्रकाराचं बनायचं. 2013 मध्ये टेबलं तशीच बनली. साइट आणि डेटाबेस एकमेकांशी बोलताना पण लॅटिन1 च धरून चालायचे, त्यामुळं मराठीचे बाइट जसे आत जायचे तसेच बाहेर यायचे आणि सगळं व्यवस्थित दिसायचं. हळदीच्या डब्यावर तिखटाची चिठ्ठी, पण घरातल्या सगळ्यांना माहितीय म्हणून बारा वर्षं स्वयंपाक बरोबर होत राहिला, तसंच. नव्या सर्व्हरवर मायएसक्यूएल 8 आहे, तो बोलताना युटीएफ8एमबी4 धरतो, म्हणजे मायएसक्यूएलमधलं युटीएफ-8. त्यानं चिठ्ठी वाचली, लॅटिन1 म्हणून समजला, आणि प्रामाणिकपणे त्याचं युटीएफ-8 मध्ये रूपांतर करून दाखवायला लागला. उलट बाजूनं, नवीन टाइप केलेलं खरं मराठी तो लॅटिन1 कॉलममध्ये कोंबायला गेला, तिथं देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराला एक प्रश्नचिन्ह. स्ट्रिक्ट मोड (न बसणारा मजकूर न स्वीकारणारी सेटिंग) चालू असता तर सेव्ह न करता 1366 नंबरची एरर दिली असती आणि आमची ती पुस्तकं वाचली असती, पण जुन्या साइट चालाव्यात म्हणून कंपनीनं तो बंद ठेवला होता.

कंपनीच्या सपोर्टचा सल्ला होता, "मॅडम, कोलेशन बदलून युटीएफ8 करा, होऊन जाईल." नेटवर पण निम्म्या ठिकाणी हेच लिहिलंय. मी ते टेबलाच्या कॉपीवर करून बघितलं (ऑपरेशन्स टॅब, कॉपी टेबल, स्ट्रक्चर अँड डेटा), आणि परत हेक्स काढला तर ई0ए4 चं सी3ए0सी2ए4 झालेलं. म्हणजे बिघडलेली चिन्हंच आता खरी म्हणून पक्की साठली. त्यातून पण परत येता येतं पण एक वळसा वाढतो. मूळ टेबलावर हे करू नका, कॉपीवर करा, कॉपी बिघडली तर उडवायची आणि दुसरी घ्यायची, काही खर्च नाही.

20 तारखेच्या रविवारी घरी लॅपटॉपवर झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून सराव केला. त्यात पीएचपीमायअ‍ॅडमिन पण येतं आणि डेटाबेस म्हणून मारियाडीबी येतो, तो मायएसक्यूएलमधूनच निघालेला. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं आणि दुपारची लाइट भरवशाची नाही, म्हणून पहाटे बसायचे. झॅम्पवर पहिल्याच इंपोर्टला 1273 नंबरची एरर आली, युटीएफ8एमबी4_0900_एआय_सीआय हे कोलेशन माहीत नाही म्हणून. हे कोलेशन मायएसक्यूएल 8 चं स्वतःचं आहे आणि सरावासाठी मी सर्व्हरवर बनवलेल्या एका टेबलाला ते आपोआप लागलं होतं. तेव्हाच ठरवलं की आपण युटीएफ8एमबी4_युनिकोड_सीआय घ्यायचं, ते दोन्हीकडं चालतं, उद्या परत कंपनी बदलली तरी अडणार नाही.

खरी दुरुस्ती अशी आहे. कॉलमला आधी सांगायचं की तू अक्षरं नाहीस, नुसते बाइट आहेस. मग सांगायचं की हे बाइट युटीएफ-8 आहेत. मधल्या टप्प्यामुळं रूपांतर होत नाही, फक्त चिठ्ठी बदलते. एसक्यूएल टॅबमध्ये पहिली ओळ: ऑल्टर टेबल बुक्स_कॉपी मॉडिफाय टायटल व्हारबायनरी(255). दुसरी: ऑल्टर टेबल बुक्स_कॉपी मॉडिफाय टायटल व्हारचार(255) कॅरेक्टर सेट युटीएफ8एमबी4 कोलेट युटीएफ8एमबी4_युनिकोड_सीआय. कॉलम टेक्स्ट प्रकारचा असेल तर व्हारबायनरीच्या जागी ब्लॉब. आधी कॉलमवर नॉट नल किंवा डिफॉल्ट काही लावलेलं असेल तर ते या ओळीत परत लिहावं लागतं, नाहीतर ते निघून जातं. आणि दोन्ही ओळींच्या आधी त्याच चौकटीत सेट सेशन एसक्यूएल_मोड लिहून स्ट्रिक्ट मोड चालू करायचा. त्याच चौकटीत यासाठी की पीएचपीमायअ‍ॅडमिन दर वेळी गो दाबलं की नवीन कनेक्शन घेतं, आधी वेगळं लिहून दाबलेलं पुढच्या वेळी उरत नाही. हे कुठंच लिहिलेलं सापडलं नाही मला, बरीच डोकेफोड झाली यावर.

स्ट्रिक्ट मोड चालू केला म्हणूनच पुढच्या दोन अडचणी दिसल्या. पहिली 1071, म्हणजे ‘की’ (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेला इंडेक्स) फार लांब झाली, कमाल 1000 बाइट. आमची टेबलं जुन्या मायआयसॅम प्रकारची, त्यात इंडेक्सला 1000 बाइटची मर्यादा, आणि 255 अक्षरं गुणिले 4 म्हणजे 1020. ऑपरेशन्समध्ये जाऊन स्टोरेज इंजिन (टेबल साठवायचा प्रकार) आधी इनोडीबी केलं की ही अडचण गेली. नाहीतरी मायआयसॅम आता सोडावंच, आमचं देवघेवचं टेबल त्या हलवाहलवीत क्रॅश होऊन ओळींच्या संख्येच्या जागी नुसतं ‘इन यूज’ दाखवत होतं, ते खाली रिपेअर टेबल निवडून एका मिनिटात नीट झालं.

दुसरी अडचण 1366, आणि हिनं मला फार वाईट वाटलं. काही ओळींवर येऊन अडायचं, चुकीचे बाइट म्हणून. बघितलं तर ती सगळी लांब शीर्षकांची पुस्तकं, उपशीर्षक असलेली, संशोधनाची, संतसाहित्याची. लॅटिन1 कॉलममध्ये 255 म्हणजे 255 बाइट. मराठीला एका अक्षराला तीन, म्हणजे जेमतेम 85 अक्षरं आणि त्यात काना-मात्रा पण मोजलेल्या. 2013 पासून प्रत्येक लांब शीर्षक तिथं गुपचूप कापलं गेलं होतं, कधी कधी अक्षराच्या मधोमध, आणि यादीत ते शेवटी अर्धवट दिसायचं तर आम्हाला वाटायचं कुणीतरी घाईत टाइप केलंय. माझ्या आधीच्या बाईंना त्याबद्दल सर बोललेले मी ऐकलंय. त्यांनी पूर्णच टाइप केलं होतं. सिलेक्ट लावून जिथं लेंथ(टायटल) 253 किंवा जास्त आहे त्या सगळ्यांचे दाखल क्रमांक काढले, छापले, आणि कॉपीत तेवढी शीर्षकं तात्पुरती रिकामी ठेवली. मग कमांड न अडता पूर्ण झाली.

26 एप्रिलच्या रात्री खऱ्या सर्व्हरवर केलं. ताजा एक्सपोर्ट घेतला, चारही टेबलांच्या कॉपी केल्या, नोटपॅडमध्ये तयार ठेवलेल्या ओळी एकेक चिकटवल्या. चौकटीत बसून टाइप करत राहू नका, पीएचपीमायअ‍ॅडमिनची मूळ सेटिंग 1440 सेकंदांची आहे, चोवीस मिनिटं काही हालचाल नसली की परत लॉगिन मागतं आणि लिहिलेलं जातं. पुस्तकांच्या टेबलाला दुसरी कमांड दिली, हिरवी पट्टी आली, ब्राउझ दाबलं आणि पहिल्या पानावर मराठी. नीट, जोडाक्षरांसकट. मी रडले, सांगायला हरकत नाही. रात्री साडेअकराला सरांना फोन केला, ते पण जागेच होते. मग जुन्या टेबलांना नावापुढं ओल्ड लावलं, कॉपीला मूळ नाव दिलं. दादाने पुण्याहून कनेक्शनच्या फाइलमध्ये सेट कॅरसेट युटीएफ8एमबी4 ची एक ओळ टाकली, ती ओळ नसेल तर पुढचा सर्व्हर बदलला की परत हेच होणार. सकाळी आमचे उर्दू विभागाचे जुने वाचक आले, त्यांना ‘चाचा, बघा बरं बरोबर आहे का’ म्हणून स्क्रीन दाखवली, त्यांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं आणि म्हणले सब ठीक है बेटी.

मे महिना परत टाइप करण्यात गेला. प्रश्नचिन्हांच्या नोंदी सापडायला लाइक वापरून तीन प्रश्नचिन्हं शोधली की झालं, लाइकमध्ये प्रश्नचिन्हाला वेगळा अर्थ नाही. ती आणि कापलेली शीर्षकं, दोन्ही दाखल नोंदवहीतून घेतली. सरांनी कॉम्प्युटर आल्यावर पण ती वही कधी बंद होऊ दिली नाही, शाईनं, एकाखाली एक, किंमत आणि प्रकाशकासहित. वार्षिक अहवाल त्यामुळं थोडा उशिरा गेला, पण आकडे वहीशी जुळवून गेला.

खर्च म्हणाल तर होस्टिंगचं नूतनीकरण जीएसटीसह साडेतीन हजाराच्या आसपास, ते तसंही द्यायचंच होतं, आणि झेरॉक्स, स्कॅन, कुरिअर मिळून काही शे रुपये. बिल संस्थेच्या नावावर आणि चेकनंच घ्या, ऑडिटला लागतं. खात्याचा मेल आता वाचनालयाचा आहे, पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्ष काकांकडं, आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक्सपोर्ट घेऊन रजिस्टरला तारीख टाकून सही करायची असा ठराव 11 मेच्या बैठकीत झाला. ओल्ड नावाची टेबलं मी दिवाळीपर्यंत उडवणार नाहीये.

एक काम राहिलंय. ‘कादंबऱ्या’ असं शोधलं की सगळ्या नोंदी येत नाहीत, कारण अर्धा र दोन प्रकारे टाइप झालाय, काहींनी खाली टिंब असलेला ऱ वापरून आणि काहींनी साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना सारखंच दिसतं, हेक्समध्ये वेगळं आहे, आणि लाइक एकेक चिन्ह जुळवून बघतो. रिप्लेसची ओळ कॉपीवर चालवून झालीय, ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ वगैरे शब्द सर वहीशी ताडून बघायलेत, त्यांचं झालं की मूळ टेबलावर चालवीन. कुणाकडं असाच गोंधळ असेल तर हेक्सची पहिली दहा-बारा चिन्हं लिहून पाठवा, बघून सांगते, फक्त त्याआधी एक्सपोर्ट घेऊन ठेवा.